दहाव्या महिन्याचं सुतक

पूर्वी आमच्या धंद्यात भाडं नाकानं ठरायचं. फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की मी आधी बाथरूमचा नळ सोडायचे, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघायचे आणि शेवटी सोसायटीच्या चेअरमनला भेटायचे. नळाला धार किती, खिडकीखाली घंटागाडी थांबते का, आणि चेअरमन किती वेळ बोलतो, एवढ्यावर नाशिकच्या इंदिरानगरातल्या कुठल्याही फ्लॅटचं भाडं मी पाचशे रुपयांच्या फरकानं सांगायचे. चेअरमन अर्ध्या तासाच्या वर बोलला की हजार कमी. भाडेकरूला तो माणूस रोज भेटणार असतो.

मी वैजयंती खैरनार. बावीस वर्षं एजंट आहे. नवरा होता, तो पुण्यात दुसऱ्या संसारात रमला आहे, रमो. लोकांना घरं मिळवून देणारी बाई स्वतः भाड्यानं राहते याचं पुष्कळांना हसू येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझ्या समोरच्या दारात हिराताई गांगुर्डे राहायच्या. एसटीत कंडक्टर होत्या, तीस वर्षं. त्यातली निम्मी नाशिक-सटाणा गाडीवर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी आवाज तसाच, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. नवरा लवकर गेला, एक मुलगी सुरतेला दिलेली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. रोज संध्याकाळी पाच वाजता दोन्ही उघडायची, मधल्या मोकळ्या जागेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडायच्या. चहा माझा, खारी त्यांची. त्यांना कुठल्या स्टॉपवर कोण उतरायचं ते अजून पाठ होतं. "उमराण्याची एक मास्तरीण होती, वैजू. रोज शेवटचा घास गाडीत खायची. डबा बंद करायची तोच तिचा स्टॉप यायचा. कधी चुकली नाही." असल्या गोष्टी. आठ वर्षं मी त्या ऐकत होते आणि आणखी वीस वर्षं ऐकल्या असत्या. मला दुसरं काही नको होतं. ही दोन दारं समोरासमोर राहावीत, एवढंच दोघींना हवं होतं.

आता मोजणीबद्दल सांगितलं पाहिजे.

शोध साधा होता आणि, खरं सांगते, सुंदर होता. माणसाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित सावकाश. माणूस निर्धास्त असला की हा फरक वाढतो, धास्तावलेला असला की कमी होतो. मेंदूतून निघून हृदयापर्यंत उतरणारी एक लांबलचक चेता हे काम करते आणि ती आपल्याला विचारून करत नाही. बंगळूरच्या एका संशोधक डॉक्टरबाईंनी धरणात गाव गेलेल्या चार हजार माणसांच्या मनगटाला पट्टे बांधले. त्यांना बघायचं होतं की नव्या गावठाणात ही माणसं रुजली की नाही. त्यांना असं दिसलं की रुजलेला माणूस घरी परतत असताना वाटेत एक जागा अशी येते की तिथे त्याचे ठोके एकदम सैलावतात. मनाला कळायच्या आत हृदयाला कळतं की घर आलं. कुणाची ही जागा उंबऱ्यावर असते, कुणाची कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी, कुणाची त्याही आधी, अर्ध्या किलोमीटरवर. आणि ज्याला ते गाव आपलं वाटत नाही, त्याची ती जागा येतच नाही.

बाईंना विस्थापितांचं भलं करायचं होतं. पण शोध एकदा लागला की तो शोधणाऱ्याचा राहत नाही. घरभाड्यांची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीनं तो विकत घेतला. सोसायट्यांचे गेट आणि लिफ्ट उघडायला मनगटी पट्टे आधीच आले होते. त्याच पट्ट्यात कंपनीनं ही मोजणी घातली. तुम्ही किती दुरून सैलावता, गेटवर कुणाशी बोलताना सैलावता, जिन्यात कुणाचा आवाज ऐकून सैलावता, या सगळ्याचा मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव होतं. मराठी अ‍ॅपमध्ये कुणा भाषांतरकारानं एकच शब्द टाकला: लळा. हा माणूस नक्की कधी काळी कविता करत असणार.

ज्याला लळा जास्त, तो घर सोडून जात नाही. जो जात नाही त्याच्याकडून जास्त घेता येतं. कंपनीचं गणित एवढंच होतं. त्यामुळे एकाच फ्लॅटसमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना दोन वेगळी भाडी दिसू लागली. त्या वर्षी मी एक टू बीएचके एकाच सकाळी दोघांना दाखवला. अमरावतीहून बदलून आलेल्या बँकवाल्याला एकोणीस हजार आले. मागच्याच गल्लीत नऊ वर्षं राहिलेल्या, मुलगी चौकातल्या शाळेत असलेल्या प्रशांत बेंडकुळेला सव्वीस. "मॅडम, मी तर इथलाच आहे," तो म्हणाला. त्याला वाटलं, इथला असणं ही जमेची बाजू असते.

हिराताईंना मी संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा त्यांची खारी हातातच राहिली.

"म्हंजे ज्याला जास्त गरज, त्याला जास्त तिकीट?"

"तसंच म्हणा."

"अगं, टप्प्याला तिकीट असतं. नाशिक ते चांदवड जे असंल ते. मंत्री बसो, मजूर बसो. बाळंतपणाला चाललेल्या बाईला मी कधी विचारलं नाही, की बाई, तुला पोचायची घाई किती, त्या हिशेबानं पैसे दे." मग मलाच दम भरला, "आन् तू हे विकू राहिली?"

"मी नाही विकत. मी फक्त दार उघडून दाखवते."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

आमचे करार अकरा महिन्यांचे असतात, ते तर सगळ्या महाराष्ट्रात तसेच असतात. दहावा महिना हा मोजणीचा. त्या एका महिन्यातला लळा बघून, शेवटच्या आठवड्याला जास्त वजन देऊन, कंपनी पुढच्या कराराचं भाडं सांगते आणि अकराव्या महिन्यात तुम्ही ते घ्या नाहीतर सामान बांधा. पहिल्याच मोजणीत हिराताईंचा लळा अठ्ठ्याऐंशी निघाला. भाडं महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर गेलं. त्यांचे ठोके म्हणे पार जॉगिंग ट्रॅकच्या फाटकापासून सैलावत होते.

"सुरतेला जाते मग," त्या म्हणाल्या. "जावई चांगला आहे. पण त्याच्या घरी मी पाहुणीच गं."

मी बावीस वर्षं मालकांना आणि भाडेकरूंना एकमेकांच्या तावडीतून सोडवलं होतं. मला वाटलं, यंत्राला फसवणं काय अवघड. पण अ‍ॅपमध्ये खोटं बोलून चालत नाही. शरीर खोटं बोलत नाही. मग शरीरालाच काही मिळू द्यायचं नाही. दहावा महिना लागला की रोजची वाट सोडायची, लांबच्या गेटनं यायचं. भाजी ओळखीच्या गाडीवर घ्यायची नाही. जिन्यात कुणी दिसलं तर मान खाली. आणि मुख्य म्हणजे ज्या दाराशी जीव गुंतला आहे, ते दार ठोठावायचं नाही. महिनाभर परक्यासारखं राहायचं, म्हणजे पुढचे दहा महिने आपलं म्हणून राहता येईल. ते वर्ष हिराताईंनी पोटाला चिमटा घेऊन काढलं आणि पुढच्या दहाव्या महिन्यात आम्ही हे सुरू केलं.

नाव हिराताईंनीच दिलं. "सुतकच की हे. शिवायचं नाही, बोलायचं नाही. लोकांचं दहा दिवसांचं, आपलं दहाव्या महिन्याचं." माझा करार त्यांच्या एक महिना मागून, म्हणून आमचं सुतक दोन महिन्यांचं व्हायचं: पहिला महिना त्यांच्यासाठी, दुसरा माझ्यासाठी. पहिल्या सुतकात मला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचीही भीती वाटायची. पण जमलं. त्यांचा लळा त्रेचाळीसवर आला, माझा सदतीसवर. दोन्ही दारं राहिली. सुतक फिटल्यावर पहिला चहा घेताना आम्ही दोघी एवढ्या हसलो की खालच्या मजल्यावरून विचारायला माणूस आला.

मग मी ते लोकांना शिकवायला लागले. का नाही शिकवायचं? दलालीत आता राम राहिला नव्हता, आणि लोक रडकुंडीला येऊन विचारत होते. दोन वर्षांत इंदिरानगरात ही रीतच पडली. मैत्रीण रस्त्यात न बोलता गेली तर कुणी रागवेना. "तिचा दहावा असेल," म्हणत. भाजीवाले गिऱ्हाइकाकडे बघून न बघितल्यासारखं करत. बेंडकुळेची मुलगी शाळेतल्या मैत्रिणीला म्हणाली, "या महिन्यात आपली कट्टी, खरी नाही, भाड्याची." लोक मला आशीर्वाद देत. मीही ते घेत होते.

हे सगळं मी माझ्या हुशारीचं कौतुक म्हणून सांगत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

चौथ्या सुतकाला जानेवारीत सुरुवात झाली. एकतीस डिसेंबरला पाच वाजता हिराताईंनी खुर्ची घडी केली आणि म्हणाल्या, "चल गं बाई, एक मार्चला भेटू. मरू नको तोवर." मी म्हटलं, "तुम्हीच जपा." दारं लागली.

जानेवारीच्या मध्यावर त्या मला जिन्यात दिसल्या. एरवी सुतकातही त्यांची एक खोड होती: जवळून जाताना मान खाली, पण भुवई किंचित वर. ती आमची खूण. त्या दिवशी भुवई हलली नाही. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, डबल बेल दिलेल्या गाडीतून मागे पडणाऱ्या झाडांकडे बघतात तसं, आणि पुढे गेल्या. मी मनात म्हटलं, वा! या वर्षी बाईंनी पक्कं मनावर घेतलंय.

आणखी एकदा त्या लिफ्टजवळ भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी बाहेरून आले तेव्हाही उभ्या, वीस मिनिटांनी परत खाली उतरले तेव्हाही उभ्या. वॉचमनला काहीतरी विचारत होत्या. पाठ करून मी लांबच्या गेटनं निघून गेले. नियम माझाच होता.

जानेवारी संपला आणि एजंट म्हणून त्यांचा आकडा माझ्या पडद्यावर आला. लळा: अकरा. मी दोनदा वाचलं. अकरा! इंदिरानगरात नऊ-नऊ वर्षं राहिलेल्या माणसाचा एवढा खालचा आकडा मी कधी बघितला नव्हता. खाली कंपनीचा शेरा: ग्राहकाची ओढ कमी, टिकवण्यासाठी सवलत द्यावी. भाडं साडेतीन हजारांनी उतरलं होतं. सात दिवसांत नकार कळवला नाही तर होकार धरतात, त्यामुळे त्यांना काही करायचंही नव्हतं. मला नाचावंसं वाटलं. पण माझा महिना सुरू झाला होता, दार ठोठावायची सोय नव्हती. पाव किलो पेढे आणले ते मी एकटीनंच खाल्ले.

त्या आठवड्यात शिकवणीला आलेल्या प्रत्येकाला मी हिराताईंचा आकडा सांगितला. "असं जमलं पाहिजे," मी म्हणाले. "तुम्ही लोक वरवर परके होता. आतून व्हावं लागतं."

"कसं जमवलं त्यांनी?" बेंडकुळेनं विचारलं.

"तीस वर्षं एसटीत काढली आहेत बाईंनी. माणसं चढतात, उतरतात. त्यांना सवय आहे."

हे वाक्य मी त्या दिवशी फार ऐटीत बोलले. आता ते आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, मी जेवत होते. दाराच्या कुलुपात किल्ली खरखरली. माझ्या दाराच्या. घास हातात राहिला. किल्ली बसेना, परत काढली, परत घातली. मग हिराताईंचा आवाज, अगदी हळू: "उघडत का नाही हे? उघड की रे बाबा." पुन्हा किल्ली. मग हँडल दोनदा खाली-वर.

मी उठले, दारापर्यंत गेले. मला वाटलं, बाई मस्करी करू राहिली. सवलत मिळाली म्हणून खुशीत आली आहे आणि माझं सुतक मोडायला बघते आहे. मला इतकं हसू आलं की मी पदराचा बोळा तोंडात धरला. हसले असते तर पट्ट्यानं टिपलं असतं. दाराच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, मध्ये दीड इंच लाकूड. मी श्वास रोखून उभी राहिले. नंतर चपला सावकाश घासत गेल्या, आणि समोरचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

त्या महिन्यात माझा लळा चाळीस आला. भाडं होतं तेवढंच राहिलं. जमलं होतं सगळं.

एक मार्चला पाच वाजता मी ट्रेमध्ये दोन कप घेतले आणि हिराताईंचं दार वाजवलं. उघडायला वेळ लागला. त्यांनी केस विंचरले नव्हते. साडीवर स्वेटर उलटा घातला होता.

"कोण पाहिजे?"

"अकरावाल्या बाई पाहिजेत," मी म्हटलं. "फिटलं हो सुतक! चहा निवतोय."

त्यांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर ते गर्दीतलं कामापुरतं हसू आलं. आणि मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "आत सरका, आत सरका. कुठं उतरायचं तुम्हाला?"

मी हसले. आधी मी हसले, हे मला सांगितलंच पाहिजे.

"सटाणा द्या एक," मी म्हणाले.

त्यांचा हात कमरेशी गेला. तिथं पिशवी नव्हती. हात पुन्हा पुन्हा कमरेवरून फिरला, मग छातीशी, मग परत कमरेशी. डोळे भरून आले. "तिकिटाची पेटी कुठं गेली माझी? गाडी सुटायला आली. कंट्रोलर बोलंल ना मला." त्या इकडे तिकडे बघू लागल्या, आणि मला कळलं. ट्रे कुठे ठेवला ते आठवत नाही.

घरात जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अक्षर त्यांचं, पण खाली खाली घसरत गेलेलं. शेगडीच्या वर: गॅस बंद. आरशावर: गोळी घेतली का. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर दोन होत्या. पहिली: आपला मजला तिसरा. दुसरीत तीन ओळी:

समोर वैजू.
काही चुकायला लागलंय, तिला सांगायचं.
सुतक आहे. एक मार्चपर्यंत हाक मारायची नाही.

त्यांना कळलं होतं. आपलं काहीतरी सुटत चाललं आहे हे त्यांना कळलं होतं, आणि तरी नियम पाळला, कारण मी घालून दिला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवलं. त्यात तीन बारीक काळे ठिपके होते. "हे छोटे झटके आहेत," ते म्हणाले. "रक्ताची बारीक गुठळी, एकेक लहान वाहिनी बंद. हात-पाय जात नाहीत, म्हणून कळत नाही. पण अशा जागी बसले की ओळख, दिशा, तारखा जातात. पहिला साधारण दीड महिन्यापूर्वीचा. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर पुढचे दोन बहुतेक टळले असते. यांच्या वागण्यातला फरक कुणाच्याच लक्षात आला नाही? घरात कोण असतं?"

"एकट्या असतात."

"शेजारी?"

"शेजारी मी," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घालून औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. चांगले डॉक्टर होते.

ऑफिसात येऊन मी हिराताईंचा आलेख उघडला. आकडा सगळे बघतात, आलेख कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता. एक जानेवारीपासून रेघ चाळिसाच्या आसपास सरळ चालली होती. सुतकातही बाई रोज फाटकापाशी नाही तरी निदान जिन्यात सैलावत होत्या. सतरा जानेवारीला रेघ एकदम खाली आली, पायरी उतरावी तशी. सव्वीसला दुसरी पायरी. नऊ फेब्रुवारीला तिसरी, आणि पुढे ती जमिनीला लागून चालली होती. घर येत होतं आणि हृदयाला कळत नव्हतं की घर आलं. ज्या यंत्राला आम्ही चार सुतकं फसवत होतो, त्यानं बाईंचं दुखणं पहिल्या दिवशी ओळखलं आणि त्याची किंमत लावून साडेतीन हजार कमी केले.

मी कंपनीला फोन केला. एक फार गोड आवाजाची मुलगी होती.

"तुम्हाला सतरा तारखेलाच दिसलं होतं," मी म्हणाले.

"मॅडम, आम्हाला फक्त ग्राहकाची ओढ कमी झालेली दिसते. त्यामागचं कारण बघणं म्हणजे ग्राहकाच्या खासगी आयुष्यात डोकावणं होईल. आम्ही ते करत नाही."

"भाडं मात्र कमी केलंत."

"हो मॅडम. सवलत नियमात बसते. आणखी काही मदत करू?"

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या पोरीचा काय दोष? तिनं दार फक्त उघडून दाखवलं होतं.

तीन आठवड्यांनी हिराताईंची मुलगी प्रणिता सुरतेहून गाडी घेऊन आली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही समोर होतात म्हणून आई इथं इतकी वर्षं राहिली. तुमचे उपकार कसे फेडू?" मी तिला चिठ्ठ्या दाखवल्या नाहीत. त्या मी आदल्या दिवशीच काढून घेतल्या होत्या. आता हेही कबूल केलेलं बरं.

हिराताई मागच्या सीटवर बसल्या. मी काचेशी वाकले. त्यांनी मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही नाही येत?"

"नाही. माझा स्टॉप इथंच."

त्यांनी मान डोलावली. मग गाडीच्या दारावर आतून बोटांनी दोनदा ठोकलं. एसटीत दोनदा बेल म्हणजे गाडी सोडा. प्रणितानं गाडी सोडली.

त्यानंतरच्या माझ्या दहाव्या महिन्यात मी सुतक पाळलं नाही. शिकवणी तर कधीच बंद केली होती. लोकांचं काही अडलं नाही, रीत त्यांना पाठ झाली होती. मी मात्र मुद्दाम जवळच्या गेटनं यायचे. ओळखीच्या गाडीवर भाजी घ्यायचे, वॉचमनची विचारपूस करायचे, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांना दहावा असो नसो, हाका मारायचे. रोज पाच वाजता दार उघडून मी दोन खुर्च्या टाकत होते आणि चहा घेऊन एकीवर बसत होते. समोरच्या दाराला कंपनीचं कुलूप होतं. मी मनगट पुढे करून पट्ट्याला म्हणायचे, घे, मोज. मोज किती लळा आहे तो. लाव काय भाडं लावायचं ते. मला खरंच वाटत होतं, की या खेपेला आकडा नव्वदीत यावा, भाडं भरताना जीव मेटाकुटीला यावा, आणि निदान तेवढं तरी माझ्याकडून वसूल व्हावं.

महिना संपला तेव्हा बेंडकुळे त्याच्या कराराच्या कामासाठी माझ्या ऑफिसात बसला होता. पडद्यावर माझा निकाल आला आणि मी तो झाकायच्या आत त्यानं वाचला.

अभिनंदन! तुमचा लळा: नऊ. तुमच्या पुढील भाड्यात चार हजार रुपयांची सवलत देण्यात येत आहे.

"नऊ!" तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम, हिराताईंच्याही खाली! हे कसं जमवलं तुम्ही?"

"मला काहीच करावं लागलं नाही," मी म्हणाले आणि त्याची फाइल पुढे ओढली.